काचेखालचे सात होकार

"इंग्रजी? अगं, इंग्रजी माझ्या पेनापुढे पाणी भरतं!" हेडक्लार्क पुतणीला म्हणाले.

कुलपांच्या कारखान्यात त्यांना पाठीमागे 'रिस्पेक्टेड' म्हणत. तीस वर्षं त्यांचं प्रत्येक पत्र याच शब्दाने सुरू होत आलं होतं. पण हल्ली कचेरीचा कारभार फोनवरच्या इंग्रजी निरोपांवर चाले, आणि नव्या मॅनेजरबाईंनी त्यांना हळूच सांगितलं होतं, "तुमचं नुसतं 'येस' आलं तरी माणसं घाबरतात हो!"

"घाबरतीलच!" पुतणी म्हणाली. "काका, तुम्ही 'येस'पुढे पूर्णविराम देता. डोळे वटारल्यासारखं वाटतं. 'येप' लिहा, 'शुअर' लिहा, पुढे उद्गारचिन्ह ठोका! आणि शुक्रवारी पाच वाजता मी पहिल्यांदा मंचावर गातेय. पहिल्या रांगेत तुमची खुर्ची. विसरलात तर बघा!"

काकांनी शिस्तीत काम केलं. होकाराचे सात शब्द कागदावर उतरवले, टेबलाच्या काचेखाली सरकवले आणि त्यांच्या पाळ्या लावल्या. एकदा वापरलेला शब्द, बाकीचे सहा संपेपर्यंत पुन्हा नाही! निरोप आला की ते आधी काचेखाली बघत. निरोपात काय आहे ते बघायला सवड कुणाला?

भांडारवाल्याने शुक्रवारची रजा मागितली. "येप!" टायपिस्टबाईंनी मागितली. "शुअर!" ड्रायव्हर वर्षभर रजेचं नाव काढायला धजला नव्हता, त्याला "यू बेट!" मिळालं. कचेरीभर बातमी झाली, रिस्पेक्टेडना पाझर फुटला! मग काय, एकामागून एक सगळेच पाझराखाली घागरी घेऊन उभे.

गुरुवारी मॅनेजरबाईंचा निरोप आला. "टोटली!" काकांनी खुशीत तीन उद्गारचिन्हं ठोकून उत्तर धाडलं. हा यादीतला सातवा. पाळी पूर्ण झाली, हात मोकळा, म्हणून त्यांनी सहज निरोपही वाचला. 'उद्या सगळेच रजेवर आहेत. संध्याकाळपर्यंत कचेरी तुम्ही एकटे सांभाळाल ना?'

आणि उद्याच तर पुतणीचं गाणं! जन्मभर कुलपं विकली, आणि आज स्वतःलाच आत कोंडून किल्ली बाहेर फेकली!

शुक्रवारी सकाळी त्यांनी जुनं अस्त्र काढलं. दीड पानी इंग्रजी अर्ज! साडेचारला निघण्याची परवानगी मिळावी, खाली सही, तारीख. त्याचा फोटो काढून बाईंना पाठवला. चार वाजता उत्तर आलं. एकच इंग्रजी अक्षर. 'के'.

काकांनी चष्मा पुसला. बाईंनी लिहायला घेतलं असेल, मध्येच कुणी हाक मारली असेल. येतील पुढची अक्षरं! पाच वाजले. सहा वाजले. अक्षरं काही येईनात.

साडेसहाला दारात पुतणी उभी. "खुर्ची रिकामीच राहिली, काका."

काकांनी मान खाली घालून फोन पुढे केला. "परवानगी अजून अर्धीच आलीय गं."

तिने वाचलं आणि कपाळावर हात मारला. "अहो, 'के' म्हणजे 'ओके'! ही मंजुरीच आहे! अख्खी!"

"मग सही कुठंय?"

रुसावं की हसावं, तिला कळेना. शेवटी ती टायपिस्टबाईंच्या खुर्चीत बसली आणि मंचावरचं सगळं पुन्हा गायली. काकांनी डोळे मिटले. लोखंडी कपाटांनाही देवाने कान दिले असावेत. एकही दार करकरलं नाही.

गाणं संपलं आणि फोन वाजला. भांडारवाला विचारत होता, 'सर, सोमवारीही रजा मिळेल?'

काकांनी निरोप दोनदा वाचला. बिचाऱ्याचं मन मोडवेना. त्यांनी 'येस' लिहिलं, आणि सवयीने पुढे पूर्णविराम दिला.

सोमवारी भांडारवाला अर्धा तास आधीच कामावर हजर!