फादरांच्या लग्नाची बातमी

"माझ्या वर्गाच्या तोंडून चुकीची बातमी बाहेर पडणं शक्यच नाही!"

चौथीच्या बाईंनी शिक्षकांच्या खोलीत सगळ्यांसमोर हे ठणकावून सांगितलं आणि कप बशीवर असा आपटला की पाचवीच्या सरांच्या मांडीवर चहाचा शिडकावा झाला.

बोलणं भाग होतं. समोर मोठ्या सिस्टर बसल्या होत्या. मोठ्या सिस्टर म्हणजे शाळेच्या मुख्याध्यापिका. उंचीने सगळ्यांत लहान, पण त्या व्हरांड्यातून चालल्या की बाकंसुद्धा ताठ बसायची. सकाळच्या प्रार्थनेनंतर मुलांनीच गोळा केलेल्या बातम्या मुलांनीच माईकवर वाचायच्या, ही बाईंची कल्पना त्यांना मुळीच पसंत नव्हती.

"ठीक आहे," त्या शेवटी म्हणाल्या. "पण एक जरी घोटाळा झाला, तरी बातम्या बंद! त्या वेळात सतराचा पाढा!"

बाई कामाला लागल्या. त्यांनी बातमीदार निवडले, त्यांच्या शर्टांवर पुठ्ठ्याचे बिल्ले लावले आणि फळ्यावर नियम लिहिले. बातमी स्वतःच्या कानांनी ऐकायची. लगेच लिहून घ्यायची. मग दुसऱ्या मोठ्या माणसाला विचारून खात्री करायची. "आणि लक्षात ठेवा," बाई खडू नाचवत म्हणाल्या, "रोज घडतं ती बातमी नव्हे. कधीच घडत नाही ते घडलं, की ती बातमी!"

सुरुवात झकास झाली. शाळेला लागूनच असलेल्या चर्चमध्ये झग्यांच्या कपाटात मांजर व्यायली, ही पहिली बातमी. ड्रॉइंगच्या सरांचा चष्मा त्यांच्याच डोक्यावर सापडला, ही दुसरी. मुलं खूश, पालक खूश. गल्लीसुद्धा खूश, कारण छपरावरच्या कर्ण्याचं तोंड वाऱ्याने कधीच शाळेकडून गल्लीकडे वळलं होतं. बेकरीवाला पाव विकता विकता बातम्या ऐकायचा. लाँड्रीवाली इस्त्री उचलून धरायची, म्हणजे ऐकण्याच्या नादात कापड जळायला नको!

बातमीदारांत सगळ्यांत पुढे होती भिंगरी. आईवडिलांनी ठेवलेलं नाव वेगळं होतं, पण एका जागी ती कधी कोणाला सापडलीच नाही, म्हणून भिंगरी. याच वर्षी शाळेत आलेली. घरचं कोणी चर्चला जाणारं नव्हतं, त्यामुळे इथली प्रत्येक गोष्ट तिला नवी आणि बातमी करण्याजोगी वाटायची.

आणि चर्चमधले सगळे विधी करणाऱ्या फादरांची बोलण्याची तऱ्हा अशी, की "उद्या माझे दोन बाप्तिस्मे आहेत," असं म्हणायचे. "परवा चारला माझी मयत आहे, त्यानंतर चहाला येतो," असंही म्हणायचे. पंचवीस वर्षं ऐकून लोकांच्या अंगवळणी पडलं होतं. भिंगरीच्या पडलं नव्हतं.

त्या बुधवारी फादर व्हरांड्यात फोनवर बोलत होते. "छे, छे, शनिवारी सकाळी कसा येऊ? दहाला माझं लग्न आहे!"

भिंगरी जागच्या जागी थांबली. आयुष्यात पहिल्यांदाच!

तिने ऐकलं होतं ते स्वतःच्या कानांनी. लगेच तळहातावर लिहून घेतलं. मग धावत माळ्याकडे गेली. "माळीकाका, शनिवारी दहाला चर्चमध्ये लग्न आहे?"

"आहे तर! पांढरी फुलं लावायची आहेत."

"फादरांचं?"

"फादरांचंच. दुसरं कोण आहे इथे?" माळीकाकांनी रोपांवरून मानही वर केली नाही.

नियम पुरे झाले! गुरुवारी सकाळी बाईंनी तपासून दिलेल्या बातम्या भिंगरीने वाचल्या, कागद खाली ठेवला आणि माईक दोन्ही हातांनी धरला. "आणि आता, नुकतीच हाती आलेली बातमी! येत्या शनिवारी सकाळी दहा वाजता आपल्या चर्चमध्ये आपल्या लाडक्या फादरांचं लग्न आहे. पांढरी फुलं असतील. नवरीचं नाव समजू शकलं नाही."

पटांगणात अशी शांतता पसरली की झाडावरच्या कावळ्याला ओशाळल्यासारखं झालं. मग पहिलीच्या मुलांनी टाळ्या वाजवल्या. बाईंच्या पायाखालची जमीन सरकली. त्यांनी माईककडे झेप घेतली, वायरीत पाय अडकला आणि त्या प्रार्थनेला ढोल वाजवणाऱ्या मुलाच्या ढोलावर पडल्या. गल्लीला वाटलं, वाजंत्री सुरू झाली!

"अगं, फादर लग्न करत नाहीत! कधीच करत नाहीत! ठाऊक नाही तुला?" बाईंनी तिला वर्गात नेऊन विचारलं.

"ठाऊक आहे, बाई," भिंगरी म्हणाली. "म्हणून तर बातमी झाली ना!"



तोपर्यंत ऑफिसातला फोन घणघणत होता. एका आईला आहेर कुठे द्यायचा ते हवं होतं. एका काकूंना फक्त मुलगी कोणाची, एवढंच हवं होतं. फादर बाजारातून परतले तेव्हा लाँड्रीवालीने त्यांचा झगा फुकट इस्त्री करून हातात ठेवला आणि डोळे पुसले. "उशिरा का होईना, सुखी व्हा!"

मोठ्या सिस्टरांनी बाईंना बोलावलं. "उद्या सकाळी खुलासा. आणि तो तुम्ही स्वतः लिहायचा, स्वतः वाचायचा!"

"हो, सिस्टर."

"आणि 'फादर' व 'लग्न' हे शब्द एका वाक्यात पुन्हा मला ऐकायचे नाहीत!"

बाई घरी जाऊन कामाला बसल्या. सात कागद फाडले. नवऱ्याला वाचून दाखवलं. तो म्हणाला, "छान आहे. जेवायला बसूया का?" शुक्रवारी सकाळी बाईंनी घसा खाकरून खणखणीत आवाजात वाचलं, "कालची बातमी चुकीची होती. उद्या सकाळी दहा वाजता चर्चमध्ये होणारं लग्न होणार नाही. सर्वांनी नोंद घ्यावी."

संपलं! बाईंनी सुटकेचा श्वास सोडला.

गल्लीने मात्र रोखून धरला. कारण उद्या दहाला चर्चमध्ये एक लग्न खरोखरच होतं! आणि नवरीची आई त्याच वेळी बेकरीत उभी राहून केकवरची फुलं गुलाबी असावीत की पांढरी यावर वाद घालत होती. कर्णा थांबला. बेकरीवाल्याने क्रीमची पिशवी हळूच खाली ठेवली.

"ताई," तो म्हणाला, "मग फुलं राहू देऊ का?"

नवरीच्या आईने तिथूनच लेकीला फोन लावला. लेकीने नवऱ्यामुलाला लावला. "लग्न मोडायचं होतं, तर मला सांगायचं! शाळेच्या कर्ण्यावर कशाला?"

"मी मोडलं? तूच मोडलंस, आणि वर मलाच विचारतेस?"

"बरं झालं मोडलं!"

"बरंच झालं!"

दोन्ही फोन आपटले गेले. आता मात्र लग्न खरंच मोडलं.

थोड्याच वेळात नवरीची आई शाळेच्या फाटकातून वादळासारखी आत आली. मागे रडून डोळे सुजलेली नवरी, दुसऱ्या फाटकातून फणफणलेला नवरा. सगळी वरात फादरांच्या खोलीत! तिथे आधीच दोन आजी सूपचा डबा घेऊन बसल्या होत्या. फादरांचं लग्न मोडलं म्हणून त्यांचं सांत्वन करायला आल्या होत्या.

बाई धापा टाकत पोचल्या. त्यांचा चेहरा खडूसारखा पांढरा झाला होता. "चूक माझी आहे! वाक्य मी लिहिलं! लग्न कोणीच मोडलेलं नाही हो!"

पण ऐकतंय कोण! नवरी भिंतीकडे तोंड करून, नवरा खिडकीकडे. आई बाईंकडे, आणि ते सगळ्यांत वाईट! बाईंना वाटलं, बातम्या गेल्या, नोकरीही गेली. पण या दोन पोरांचा संसार आपल्या एका वाक्याने सुरू होण्याआधीच बुडाला, तर आपण आरशात कसं बघायचं? त्यांना खरोखरच रडू आलं.

एवढ्यात कुठून तरी भिंगरी आत घुसली. तळहात पुढे, पेन तयार. ती नवरीसमोर उभी राहिली. "ताई, लग्न तुम्ही मोडलं?"

"मी कशाला मोडेन?" नवरी हुंदका देत म्हणाली. "त्याने मोडलं."

भिंगरी खिडकीकडे गेली. "दादा, तुम्ही मोडलं?"

"मुळीच नाही! तिने मोडलं."

"तुम्हाला उद्या करायचं आहे का?"

नवरा बुटांकडे बघत पुटपुटला, "मला तर आजसुद्धा चालेल."

भिंतीकडचा हुंदका थांबला. नवरीने वळून पाहिलं. तिला हसू आलं, मग त्याला आलं. फादर तर केव्हाचे रुमालात तोंड खुपसून हसत होते. त्यांनी सूपचे वाडगे भरले आणि पहिला बाईंच्या हातात दिला. "घ्या बाई. उद्या या सगळे. माझं लग्न..." ते थांबले. मोठ्या सिस्टर दारात उभ्या होत्या. "यांचं लग्न आहे," फादरांनी वाक्य दुरुस्त केलं.

मोठ्या सिस्टरांनी सगळं ऐकून घेतलं. ओठांचा कोपरा जरासा हलला, म्हणजे त्यांच्या मानाने त्या खदखदून हसल्या. "बातम्या चालू राहतील," त्या म्हणाल्या. "मुलीने सगळ्या बाजू विचारल्या. बाई, तुम्ही विचारल्या नाहीत."

शनिवारी लग्न थाटात झालं. केकवर गुलाबीही फुलं होती, पांढरीही. भिंगरी पहिल्या बाकावर बसून भराभर लिहीत होती.

सोमवारची बातमी बाईंनी काना, मात्रा, वेलांटीसकट तपासली. सगळं अगदी खरं होतं. काढावा असा एकही शब्द सापडला नाही. भिंगरीने माईक धरला आणि कर्ण्यातून गल्लीभर आवाज घुमला.

"शनिवारी चर्चमध्ये लग्न झालं. फादर वेळेवर आले होते. पण नवरी दुसऱ्याबरोबर गेली."

बेकरीच्या दारात उभ्या असलेल्या त्याच दोन आजी एकदम म्हणाल्या, "अरेरे! चला गं, पुन्हा सूप करायला हवं!"