वाघ ऐकलेल्या गोळ्या

आमच्या भागात शिसं खोटं ऐकलं की जड होतं. किती खोट्याला किती वजन, याचा तक्ता तालुक्याच्या कथन शाखेत भिंतीवर लावलेला आहे, आणि दर पाच वर्षांनी तो सुधारतात.

आमच्या घरी मध्यम बोरची एक शिकारी रायफल आहे. तिची काडतुसं आम्ही घरीच भरतो. रिकाम्या पितळी काडतुसाला टोपी बसवायची, दारू मोजून घालायची, आणि वर गोळी दाबून बसवण्याआधी तिला त्याच रायफलीनं केलेल्या शिकारीची गोष्ट सांगायची. सांगणाऱ्यानं त्या शिकारीत स्वतः गोळी झाडलेली असावी लागते. गोष्ट न ऐकलेली गोळी कामाची नसते. माझ्या चुलतभावानं एकदा वेळ वाचवायचा म्हणून तशीच काडतुसं भरली होती. चाप ओढला, आवाज झाला, धूर आला, आणि गोळी नळीच्या तोंडाशी येऊन थांबली. कुठं जायचं ते तिला कुणी सांगितलेलंच नव्हतं.

गोष्ट सांगायला पात्र असा माणूस आमच्या घरात एकच उरलाय. आप्पा. माझ्या आजोबांचे धाकटे भाऊ, वय ब्याऐंशी. विसाव्या वर्षी त्यांनी तिलारीच्या जंगलात वाघ मारला. मी पहिलीत होते तेव्हा तो वाघ आठ फुटी होता. बारावीला गेले तेव्हा साडेनऊ. बेळगावात भौतिकशास्त्राची पदवी घेऊन परत आले, तोवर तो अकरा फुटी झाला होता आणि त्यानं दोन माणसं खाल्ली होती.

घरात याचं कुणाला काही वाटत नव्हतं. वडीलधाऱ्यांनी वाघ वाढवायचा आणि बाकीच्यांनी गोळ्या जड झाल्याचं सोसायचं, ही आमच्याकडची रीत आहे. गोळी जितकी जड तितका घराण्याचा मान मोठा, असंही म्हणतात. म्हणणारे सगळे सत्तरीच्या पुढचे आहेत.

अडचण रताळ्यांची झाली. ओढ्यापलीकडचं तीन एकर रान गेल्या वर्षी मी आणि आईनं घरच्यांकडून मागून घेतलं आणि रताळी लावली. वेल चांगला पसरला. दिवाळीनंतर रानडुकरं यायला लागली. श्रीपतकाकांनी, म्हणजे माझ्या थोरल्या काकांनी, घरात बैठक घेऊन ठराव केला: रताळी हाती आली नाहीत तर रान त्यांच्या मेव्हण्याला कसायला द्यायचं आणि माझं लग्न उरकायचं. दोन्ही कामं एकाच ठरावात बसवली होती. मी त्या बैठकीत होते. मला चहा आणायला पाठवलं आणि परत येईपर्यंत ठराव झाला होता.

वनखात्याकडून दहा दिवसांची परवानगी मिळाली, चार काडतुसांची. परवान्यावर रायफल वापरणारी म्हणून माझं नाव आहे. कॉलेजात एनसीसीत मी नेमबाजी केली होती, आणि घरातल्या बाकीच्यांना आता समोरचा बैलसुद्धा नीट दिसत नाही. ओढ्याअलीकडच्या राखणीच्या माळ्यावर बसून मी पहिल्या दिवशी पहाटे, उजाडताना, आधीच्या साठ्यातलं एक काडतूस उडवलं. गोळी ओढ्यापर्यंत गेली आणि बांधावर बसली. डुकरांनी माना वर केल्या. एक पिल्लू जवळ येऊन तिला हुंगून गेलं.

घरी आणून तोलली. मूळची दोनशे सत्तर ग्रेनची गोळी तीनशे एकेचाळीस भरली.

रान माळ्यापासून दोनशे पावलांवर आहे आणि त्याहून जवळ गेलं की डुकरांना वास लागतो. मी कोल्हापूरहून हलक्या गोळ्या आणल्या, दोनशे पस्तीस ग्रेनच्या. आप्पांनी त्यांच्यासमोर मांडी घातली, खाकरले, वाघ मारला, आणि गोळ्या तीनशे सहावर गेल्या.

"एवढं जड कसं काय सांगता तुम्ही?" मी म्हटलं.

"तुला हलकं पायजे तर कापूस आण," आप्पा म्हणाले.

दुसऱ्या दिवशी मी कथन शाखेत गेले. तिथल्या हेरेकरबाई डबा खात होत्या. त्यांनी झाकण लावलं, गोळी काट्यावर ठेवली आणि तक्त्यावरून बोट फिरवलं.

"एकाहत्तर ग्रेन जास्त. म्हणजे तीन फूट लांबी आणि दोन माणसं," त्या म्हणाल्या. "सांगणारं कोण?"

"चुलत आजोबा."

"मग दुरुस्ती कथन करून घ्या. नमुना चार. सांगणाऱ्यानं गोळीसमोर बसून मागचं खोटं मागं घ्यायचं. जेवढं मागं घेईल तेवढं वजन उतरतं. कधीच कुणाला न सांगितलेलं खरं सांगितलं, तर मूळ वजनाच्याही खाली येतं. आणि त्याला सांगणारा शिकारी असायची अट नाही. खरं कुणाचंही चालतं."

"आधी कुणी केलंय?"

बाईंनी फाईल काढली. "बावीस अर्ज आलेत. बावीसच्या बावीस मागं घेतले. बसतात, तोंड उघडतात, आणि वजन आणखी वाढवून घरी जातात. एक खरं एकाच गोळीला चालतं, हेही लक्षात ठेवा. दुसऱ्यांदा सांगितलेल्या खऱ्याला उतार नाही."

"का?"

"सवय होते," बाई म्हणाल्या आणि डबा पुन्हा उघडला.

तिसऱ्या दिवशी दुपारी, जेवणं झाल्यावर, मी सोपानशेठ सोनाराचा काटा आणून सोप्यात मांडला. चार गोळ्या ठेवल्या. आप्पा, श्रीपतकाका आणि आई अशा तिघांना बसवलं.

"हे काय, शाळा भरवलीस व्हय?" काका म्हणाले.

"नमुना चार," मी म्हटलं. शासकीय नमुना म्हटला की आमच्याकडची माणसं निम्मी गप्प होतात.

पहिली गोळी आप्पांसमोर काट्यावर ठेवली. तीनशे सहा.

"वाघ किती फुटी होता, आप्पा?"

"अकरा."

काटा हलला नाही. जुनं खोटं होतं.

"नऊ," आप्पा म्हणाले. पारडं वर गेलं. दोनशे ब्याऐंशी.

"आणि माणसं?"

"माणसं खाल्ली नव्हती. एक म्हस. तीबी आजारी हुती." दोनशे सत्तेचाळीस.

आई पदरानं तोंड झाकून हसत होती. आप्पांनी तिच्याकडे पाहिलं नाही. ते काट्याकडे पाहत होते, जसं डॉक्टरच्या खोलीत आपल्याच पायाकडे पाहतात तसं.

"आठ फूट," ते म्हणाले. दोनशे पस्तीस. गोळी दुकानातून आली तेवढ्याच वजनाची झाली. शेजारच्या तिन्ही गोळ्याही ऐकून तेवढ्यावरच आल्या; त्या मी डब्यात झाकून ठेवल्या.

"झालं?" काका म्हणाले. "मिळालं तुझं?"

"दोनशे पस्तीसला गोळी ओढ्याच्या पलीकडे जेमतेम जाईल. अजून चार-पाच उतरायला हवेत. आप्पा, अजून काय आहे?"

"काय नाही."

गोळी दोनशे सदतीस झाली.

"आप्पा."

"अगं, म्हाताऱ्या माणसाला किती छळशील."

"माझं रान जाईल. तुमचा तर मेलेला वाघ आहे, तो काही पळून जाणार नाही."

हे मी सहज म्हटलं होतं. आप्पांनी एकदम माझ्याकडे पाहिलं. मग गोळीजवळ तोंड नेऊन ते हळू बोलले, पण सोपा लहान आहे, सगळ्यांना ऐकू गेलं.

"मेलेलाच हुता. मी गेलो तवा झाडाखाली पडलेला. म्हातारा हुता, दात न्हवते. मी दोन तास बघत बसलो. मग म्हटलं, असा कसा सोडायचा, आणि घातली एक गोळी."

पारडं वर गेलं आणि जातच राहिलं. दोनशे सव्वीस.

काकांचं तोंड उघडं राहिलं होतं. बासष्ट वर्षं गावच्या जत्रेत पहिला नारळ आमच्या घराचा असतो, तो या वाघावर.

आप्पा म्हणाले, "भूक लागली. आणा काहीतरी."

दुसरी गोळी काकांसमोर ठेवली. ते तिच्याकडे पाहत राहिले. सरळ बसले, मिशीवरून बोट फिरवलं आणि म्हणाले, "मी आयुष्यात कुणाचं वाईट चिंतलं नाही."

काट्याचं पारडं पाटावर आदळलं. तीनशे त्र्याण्णव.

"तोलण्यात चूक आहे," काका म्हणाले. चारशे एक. "मला पंचायतीत काम आहे," असं म्हणून ते उठले, आणि चारशे सात झाल्यावर मी ती गोळी बाजूला ठेवली. तिचा आता दाराला टेकण म्हणून उपयोग होईल.

तिसरी माझ्यासमोर. मी शिकलेली आहे, मला यात काही जड जाणार नाही, असं मला वाटत होतं. मी म्हटलं, "शहरात राहणं मला सहज जमलं असतं, पण मातीच्या ओढीनं मी गावी परत आले."

दोनशे पस्तीसची गोळी दोनशे एकोणपन्नास झाली.

"चौदा ग्रेनची माती," आप्पा म्हणाले. त्यांच्या तोंडात शेंगदाणे होते.

मी काट्याला टिचकी मारून पाहिली. काटा नीट होता. आई म्हणाली, "सांग आता. आप्पांना छळताना मोठी चुरूचुरू बोलत होतीस."

मग मी सांगितलं. पुण्यात पाच ठिकाणी मुलाखती दिल्या, एकानंही घेतलं नाही. पाचव्या ठिकाणी मला दार उघडायला आलेल्या बाईंनी बायोडेटा वाचायला घेतला आणि त्यावर चहाचा कप ठेवला. घरी येऊन मी सांगितलं की मीच नकार दिला. रताळी लावली ती दुसरं काही नव्हतं म्हणून. आता ती मला आवडतात, हे मात्र खरं आहे, आणि म्हणूनच ते बोलायला मला सगळ्यात जास्त वेळ लागला.

दोनशे एकवीस.

चौथी आईची. तिनं पदर खोचला आणि म्हणाली, "मला सगळ्यांपुढं सांगायचं नाही." गोळी मुठीत घेऊन ती माजघरात गेली आणि दार लावून घेतलं. बाहेर आम्हाला फक्त बांगड्या ऐकू येत होत्या. बऱ्याच वेळानं ती आली तेव्हा गोळी तिनं वाटीखाली झाकून आणली होती. वाटी उचलली तर गोळी पाटापासून बोटभर वर होती. काट्यावर ठेवली, पण काट्यानं दखल घेतली नाही.

"काय सांगितलंस?" मी विचारलं.

"गोळीला सांगितलं," आई म्हणाली.

आप्पांनी शेंगदाणे खाणं थांबवलं. आईचं लग्न होऊन या घरात सत्तावीस वर्षं झालीत. त्यानंतर दोन दिवस आप्पा तिला "सूनबाई, जरा बसा की" असं म्हणत होते. याआधी त्यांनी तिला बसायला सांगितल्याचं कुणाला आठवत नाही.

चौथ्या दिवशी उजाडताना मी माळ्यावर गेले. तीन काडतुसं होती. आप्पांची गोळी आधी घेतली. ती सरळ गेली, ओढ्यावरून, वेलांवरून, आणि कळपातल्या मोठ्या नराच्या कानामागं लागली. तो तिथंच बसला. दुसरी माझी. ती एका मादीच्या पाठीवरून जाऊन बांधावरच्या करवंदीत गेली. माझा नेम चुकला हे मी इथं लिहून ठेवते, कारण ते न लिहिण्याचे परिणाम मला माहीत आहेत. कळप ओढ्यातून उलटा पळाला.

आईची गोळी मी उडवली नाही. ती काडतुसात बसवताना दोनदा वर निसटून गेली होती, आणि तिला कुठं जायचंय ते आईनं नेमकं काय सांगितलंय यावर अवलंबून होतं. मी ते काडतूस आईला परत दिलं. तिनं ते तिच्या लोखंडी पेटीत ठेवलं, आणि पेटी आता एका हातानं उचलता येते.

महाशिवरात्रीच्या आधी रताळी निघाली. ट्रॅक्टर दोन खेपा गेला. कथन शाखेत आप्पांचा नमुना चार दाखल झाला, हेरेकरबाईंनी शिक्का मारण्याआधी तो दोनदा वाचला आणि म्हणाल्या, "तेविसावा." जत्रेतला नारळ पाटलांकडे गेला. आप्पा त्या दिवशी झोपून राहिले. संध्याकाळी उठून म्हणाले, "बासष्ट वर्षं त्या नारळासाठी सकाळी लवकर आंघोळ करत हुतो."

त्यानंतरच्या रविवारी श्रीपतकाकांनी पुन्हा बैठक घेतली. मी चहा आधीच करून आणला आणि बसून राहिले.

"पीक आलं, ते ठीक," काका म्हणाले. "पण एक वर्ष येतं, दुसऱ्या वर्षी येत नाही. रान मेव्हण्याकडं दिलेलं बरं. आणि पोरीचं वय. मी जे सांगतोय ते..."

"थांबा," मी म्हटलं. पाकिटातली एक कोरी गोळी काढून त्यांच्यासमोर फरशीवर ठेवली. "आता म्हणा."

काकांनी गोळीकडे पाहिलं. मग आप्पांकडे, मग आईकडे. त्यांनी थांबायला हवं होतं. पण घरातल्या मोठ्या माणसानं सुरू केलेलं वाक्य अर्ध्यावर सोडायचं नसतं, असं त्यांना लहानपणापासून शिकवलेलं आहे.

"ते मी तुझ्या भल्यासाठीच सांगतोय," ते म्हणाले.

शहाबादी फरशी आधी मधोमध तडकली, मग गोळी तिच्यातून खाली गेली. माती सरकल्याचा आवाज काही वेळ येत राहिला, मग खोलवर पाणी हलल्यासारखं झालं. आम्ही चौघांनी वाकून पाहिलं. भोक गोळीएवढंच होतं आणि त्याचा तळ दिसत नव्हता.

"श्रीपत, आता बोलू नको," आप्पा म्हणाले. "घर बसंल."

काकांनी चहा प्यायला आणि कप भोकापासून लांब ठेवला. ठराव कागदावर होता तो आईनं घेतला, त्याची बारीक गुंडाळी केली आणि भोकात कोंबला. तो बरोबर बसला.

पुढचा विषय पावसाळ्यात लावायच्या वेलांचा होता. किती एकर करायचं, असं आप्पांनी मला विचारलं. मी चार म्हटलं.