बेबाबाईंच्या घरी क्षेत्रभेट

देवपूरच्या एका महाविद्यालयातले समाजशास्त्र विभागप्रमुख डॉ. हेमराज चौधरी यांचा कुटुंबाच्या कोणत्याही प्रकाराला तत्त्वतः विरोध नव्हता. एकल पालक, लग्नाशिवाय एकत्र राहणारी जोडपी, एकमेकींच्या आधारानं संसार करणाऱ्या बायका, या सर्वांना त्यांनी आपल्या व्याख्यानांतून वेळोवेळी मान्यता दिली होती. "कुटुंब रक्तानं बनत नाही, जिव्हाळ्यानं बनतं," या त्यांच्या वाक्याला हमखास टाळ्या पडत. अभ्यास न केलेली मुलं हेच वाक्य उत्तरपत्रिकेत लिहीत आणि पास होत.

चौधरी सरांची आई बेबाबाई रावेर तालुक्यातल्या गावी राहत. सोबतीला कामिनी. ही सरांच्या धाकट्या भावाची, जितेंद्रची, पहिली बायको. दीपनगरच्या वीजकेंद्रात नोकरीला लागल्यावर जितेंद्रचं तिकडेच दुसरं जमलं आणि त्यानं कामिनीला रीतसर फारकत दिली. ती माहेरी निघाली तेव्हा बेबाबाईंनी तिच्या हातातली पिशवी काढून घेतली आणि विचारलं, नवऱ्यानं सोडलं, पण सासूनं कुठं सोडलं? तेव्हापासून दोघी मिळून केळीचा बाग पाहत होत्या. सरांनी नावगाव बदलून या घरावर शोधनिबंध लिहिला आणि त्याला 'पतिनिरपेक्ष उत्तरवैवाहिक कुटुंब' असं नाव दिलं. निबंधाची वाहवा झाली. आपण असं काही झालो आहोत हे बेबाबाईंना कोणी कळवलं नाही, त्यामुळे त्या पूर्वीसारख्याच राहिल्या.

अशात आईचा फोन आला. तिनं कामिनीचं लग्न ठरवलं होतं. नवरा मुलगा प्रेमराज, केळीच्या ट्रकवर ड्रायव्हर, बायको वारलेली, पदरी दिपमाला नावाची मुलगी. लग्नानंतर बापलेक बेबाबाईंच्याच घरी राहायला येणार होते. फोनवर नीट ऐकू येत नाही असं सरांना आधी वाटलं. नीट ऐकू आल्यावर जास्त त्रास झाला.

ते जितेंद्रला घेऊन गावी गेले. आपल्या बायकोचं लग्न आपल्याच घरात कसं होऊ शकतं, असं जितेंद्रचं म्हणणं होतं. कामिनी आता त्याची बायको नाही, हे निघण्यापूर्वी त्याच्या बायकोनंच त्याच्या लक्षात आणून दिलं होतं. पण घराण्याची अब्रू आपण फारकतीत दिलेली नाही, असा त्याचा मुद्दा होता. भावाचे हे विचार सरांना फार मागासलेले वाटले. त्यांचा स्वतःचा विरोध वरच्या पातळीवरचा होता. समाज अजून परिपक्व झालेला नाही, असं त्यांनी आईला समजावलं. समाज म्हणजे कोण कोण, असं आईनं विचारलं. तेव्हा सरांनी भाऊबंद सांगितले, सोयरे सांगितले, आणि लग्नाच्या वयाला आलेल्या ऋतिकाच्या, म्हणजे स्वतःच्या मुलीच्या, अद्याप न ठरलेल्या सासरची माणसंही सांगितली. विविधता हवीच, पण ती टप्प्याटप्प्यानं यावी. पहिल्या टप्प्यात प्रेमराजनं घरात राहावं, मात्र गडी म्हणून.

कामिनी चहा घेऊन आली होती. ती म्हणाली, "भाऊ, ते गडी म्हणून राहतील, तर मी कोण म्हणून राहू?"

त्यावर अभ्यास करावा लागेल, असं सर म्हणाले.

बेबाबाईंनी कपबश्या गोळा केल्या. "तुमी दोघं घर सोडून गेले, तव्हा मले कोनी इचारलं नही," त्या म्हणाल्या. "आता कोनी घरात येऊन ऱ्हायलं, त मी कोनाले इचारू?"

याच सुमारास सरांच्या महाविद्यालयात 'बदलती कुटुंबरचना आणि विविधतेचा स्वीकार' हा राष्ट्रीय परिसंवाद भरला. निमंत्रक अर्थातच चौधरी सर. बाहेरगावच्या प्राध्यापकांनी शोधनिबंधातलं ते घर पाहण्याची इच्छा व्यक्त केली आणि क्षेत्रभेटीशिवाय परिसंवादाला दर्जा मिळत नव्हता. भेटीच्याच दिवशी त्या घरात लग्न आहे हे कळल्यावर मंडळी हरखली. कुटुंब तयार होताना पाहण्याचा योग सहसा येत नाही. सरांनी आईला फोन करून विनंती केली की पाहुण्यांसमोर आपलं नातं सांगू नये, त्यानं वस्तुनिष्ठतेला बाधा येते. आई बरं म्हणाली.

अंगणात मांडव होता. वरण-बट्टी आणि वांग्याच्या भाजीचा वास सुटला होता. जितेंद्रनं लग्नावर बहिष्कार टाकला होता, पण गर्दीमुळे ते कोणाच्या लक्षात आलं नाही. एका प्राध्यापकानं नवरदेवाला बाजूला घेऊन, बायकोच्या घरी राहायला येताना पुरुष म्हणून काही संकट जाणवतं का, असं विचारलं. प्रेमराज विचार करून म्हणाला, नाही, आज ट्रकवर दुसरा ड्रायव्हर दिलाय.

पुण्याहून आलेल्या एका बाईंनी बेबाबाईंना कुटुंबात कोण कोण आहे ते विचारलं.

"कामिनी माही लेक. प्रेमराज जवाई. दिपमाला नात."

"आणि तुमचे मुलगे?"

"होते दोन."

बाई हुशार होत्या. चौधरी सर न विचारता आत गेले आणि माठातलं पाणी घेऊन प्याले, हे त्यांनी पाहिलं होतं. "मग हे सर तुमचे कोण?"

बेबाबाईंनी सरांकडे पाहिलं. सर मांडवाच्या कापडाकडे पाहत होते.

"सर पाव्हने हायेत," त्या म्हणाल्या आणि कामिनीला हाक मारून पाहुण्यांना जेवल्याशिवाय सोडू नकोस असं बजावलं.

सर्वांत आधी सरांचं पान वाढलं. बेबाबाईंनी स्वतः बट्टीवर तूप सोडलं, पुन्हा सोडलं. परक्या माणसाला करतात तसा तो आग्रह होता, हे सरांच्या ध्यानात आलं. नको म्हणायचा हक्क मुलाला असतो, पाहुण्याला नसतो. त्यांनी पानातलं सगळं संपवलं.

परतीच्या बसमध्ये सारे भारावले होते. अशा कुटुंबांना समाजानं खुल्या मनानं स्वीकारावं, असा ठराव बसमध्येच मांडला गेला. चौधरी सरांनी अनुमोदन दिलं आणि ठराव एकमतानं मंजूर झाला. विरोधाला कारणच नव्हतं. घर दुसऱ्याचं होतं. सुजाण वाचकांचा पाठिंबाही त्यात गृहीत धरलेला आहे. कोणाची हरकत असल्यास त्यांनी ती आपापल्या आईच्या घरी, समक्ष हजर राहून नोंदवावी.