बेलबॉटमचा उपास

धाकटा साडू धर्मराज दिवाळीला सासुरवाडीला, बोरगावला आला, तो अरुंद जीनची पँट घालून. आमच्या सासूबाई, गंगव्वा, त्याच्याकडे बघून म्हणाल्या, "काय रुबाब हाय पाव्हण्यांचा!" सात वर्षांत मला त्या एवढंच म्हणाल्या होत्या, "जरा खात जावा, वाळलायसा." (खोटं कशाला सांगू, मला ते लागलं.) बोरगावच्या जत्रेला हेच कौतुक आपल्या वाट्याला यायला हवं, असं मी ठरवून टाकलं.

जीन माझ्याकडेही होती. लग्नाआधी हौसेनं घेतलेली, पण बेलबॉटम. त्र्याऐंशी साली तसली पँट घालून बेळगावात फिरायची सोय उरली नव्हती.

"शिंप्याकडं टाका की," बायको म्हणाली.

"अंजना, मी ऑफिसात दहा वर्षं फायली शिवतोय. दोन पाय शिवायला शिंपी कशाला?"

तिच्या मशीनची सुई तिसऱ्या टाक्यालाच मोडली. मग मी ऑफिसातला दाभण काढला. आम्ही विणकरांच्या वडगावात राहायचो, त्यामुळं दोऱ्याची ददात नव्हती. शेजारच्या मष्णूनं मागावरचा दोरा आणून दिला. "पँट फाटंल, पर ह्यो तुटायचा न्हाय," म्हणाला.

जत्रेच्या दिवशी सकाळी मी पँट चढवली. बेतशीर व्हावी म्हणून जादा कापड चिमटीत धरलं आणि घोट्यापासून मांडीपर्यंत अंगावरच शिवून काढली. (टाके अगदी सरकारी.) उरलेले त्रिकोण कापून टाकले.

"अवं, अंगावर कापड शिवू नये म्हंत्यात," अंजना म्हणाली.

"अंधश्रद्धा!" मी म्हणालो.

बोरगावला एसटीतून उतरलो ते ताठ पायांनीच. दारात सासूबाईंनी पाय धुवायला पाणी दिलं. पँट वर सरकेना, म्हणून पँटीसकट पाय धुतले. भिजल्यावर ती आणखीच आवळली. तेवढ्यात आतून मटणाच्या रश्श्याचा वास आला. पंगत मांडली होती. थोरला जावई बसल्याशिवाय कुणी घासाला हात लावायचा नाही, अशी त्या घरची रीत.

धर्मराज आत गेला आणि लुंगी लावून आला. "अण्णा, बदला की. जीनवर मांडी कोण घालतंय?"

मी आतल्या खोलीत जाऊन पँट ओढली. टाचेपाशी ती अडली ती अडलीच. अंगावर का शिवू नये, याचं शास्त्रीय कारण मला तिथं कळलं.

बाहेर येऊन पाटावर बसायला लागलो. निम्म्यात पोचलो आणि पँट मागून कुरकुरली. तसाच उभा राहिलो. सगळी पंगत माझ्याकडे बघत होती.

"बसा की, जावईबापू!" सासूबाई म्हणाल्या.

"माझा... उपास हाय," मी म्हणालो.

"बुधवारचा?"

"नवस हाय. उभ्यानं करायचा."

अंजनाला एकदम खोकला लागला. सासूबाईंनी मात्र हात जोडले. त्यांचे डोळे भरून आले. "मटनाच्या वासात उभं ऱ्हाऊन उपास! असला जावई पंचक्रोशीत न्हाय!" लुंगीतल्या धर्मराजकडे कुणी ढुंकूनही बघितलं नाही. मला फार आनंद झाला. सासूबाईंनी उपासाची म्हणून केळी हातात दिली; त्यातलं पहिलं संपेपर्यंत तो टिकला.

बेळगावापर्यंत एसटीत उभ्यानं आलो. घरी अंजनानं कात्रीनं मला पँटीतून सोडवलं. माझा एकही टाका उसवला नव्हता.

"तुला सगळं कळत होतं, मग बोलली का न्हाईस?"

"तुमच्या वाटणीचं मटन मलाच वाढलं न्हवं का आईनं? लई झ्याक झालतं!"

ते तुकडे आणि त्रिकोण जोडून तिनं एक देखणी पिशवी शिवली आणि आईला पाठवून दिली. (शिवणकाम घरात कुणाला येतं, हा प्रश्न त्या दिवशी निकालात निघाला.)

पुढच्या जत्रेला मी ऐसपैस लेंगा घालून गेलो आणि सगळ्यांच्या आधी पाटावर मांडी ठोकली. ताटात रस्सा पडणार, एवढ्यात सासूबाई धावत आल्या.

"उठा, उठा जावईबापू! तुमचा नवस मी इसरीन व्हय?"

आणि त्यांनी माझ्यापुढे जीनची पिशवी धरली. काठोकाठ केळी.