हत्तिणीसाठी गोरसपाक

कोणाच्या दारी गेलो तर भेट निघताना द्यायची, एवढी एकच गोष्ट मी त्या अख्ख्या प्रवासात स्वतःच्या अकलेने ठरवली. बाकी सगळं दुसऱ्यांनी ठरवलेलं होतं. (नववीतून शाळा सोडलेल्या माणसाला ठरवायची संधी फारशी मिळत नाही. मिळाली की काय होतं, ते पुढे येईलच.)

मी रुपेश. वर्ध्याकडच्या सिंदी रेल्वे या गावात अण्णाजींच्या कृषी केंद्रात काम करतो. पऱ्हाटीचं, म्हणजे कपाशीचं बियाणं, खत, फवारणीचे पंप. एका बियाणे कंपनीने दुकानदारांसाठी थायलंडची सहल ठेवली होती, जोडीने. अण्णाजींनी त्या साली बियाण्याच्या एवढ्या थैल्या खपवल्या की सहल त्यांना लागली, आणि नेमकं तेव्हाच त्यांच्या गुडघ्याचं ऑपरेशन निघालं.

"रुपेश, तू जा बायकोले घेऊन," अण्णाजी म्हणाले.

"मी?"

"मंग काय मी कुबड्या घेऊन समुद्रात उतरू?"

घरी येऊन मी पौर्णिमाला सांगितलं. पौर्णिमा माझी बायको. रोहण्याची. बी.ए. झालेली आहे. माझ्याशी लग्नाला ती हो का म्हणाली, हे मी अजून तिला विचारलेलं नाही. (उत्तर काय येईल, सांगता येत नाही.) तिने कंपनीचा कार्यक्रम वाचला. समुद्र, बोट, बाजार, आणि शेवटच्या दिवशी हत्तीची सवारी. तिथे तिचं बोट थांबलं.

"सवारी नाई करायची," ती म्हणाली.

"नको करू. मलेही उंचावर चक्कर येते."

"चकरीचं नाई सांगून राह्यली मी."

मग तिने सांगितलं. ती लहान असताना रोहण्यात एक माहूत हत्ती घेऊन आला होता. भर उन्हाळा. गावातली सगळी पोरं एकेक करून वर बसवत होते. तिच्या बाबांनी हौसेने तिलाही बसवलं. वरून तिने पाहिलं, तर डांबर तापलं होतं आणि तो हत्ती एक पाय उचलायचा, ठेवायचा, मग दुसरा उचलायचा. सगळे म्हणाले, पहा, हत्ती नाचून राह्यला. पौर्णिमा मोठ्याने रडली. लोकांना वाटलं, पोरगी भ्याली.

"मले एकदा असा हत्ती पाह्याचा आहे," ती म्हणाली, "ज्याले माणसाकडून काईच नको, आन् माणसाले त्याच्याकडून काई नको. बस."

लग्नानंतर तिने मला काही मागितलं, ते हे पहिलंच.

मोबाईलवर शोधून तिनेच एक जागा काढली. फुकेतपासून आत, डोंगरात. काम करून थकलेले हत्ती तिथे ठेवतात. त्यांच्यावर बसायचं नाही, हात लावायचा नाही, आंघोळ घालायची नाही, खायला द्यायचं नाही. लांबून पाहायचं आणि परत यायचं. कंपनीचा माणूस म्हणाला, "बसाचं नाई, तं जाता कायले?" पण पौर्णिमा ठाम होती, आणि शेवटचा दिवस आम्हाला मोकळा मिळाला.

आता माझी आई, कमला. ती म्हणाली, "पाव्हणे म्हणून जाता न? मंग काई तरी ने. हत्ती असो का तहसीलदार, रिकाम्या हातानं जाऊ नये."

म्हणून मी गोरसपाक घेतला. बाहेरच्यांसाठी सांगतो, गोरसपाक म्हणजे आमच्या वर्ध्याचं गाईच्या तुपातलं खुसखुशीत बिस्किट. वर्ध्याचा माणूस त्याच्याशिवाय पाहुणा गेला, तर तो खरंच वर्ध्याचा आहे का, अशी शंका घेतात. मी तो हत्तीसाठी घेतला नव्हता, हे नीट लक्षात घ्या. हत्ती सांभाळणाऱ्यांसाठी घेतला होता. बिचारे परमुलखातली जनावरं सांभाळतात, त्यांच्या तोंडाला वर्ध्याची चव लागावी, एवढंच.

समुद्र पाहिला. त्याबद्दल मला लिहिता येणार नाही. आम्ही दोघं चपला हातात घेऊन बराच वेळ उभे होतो आणि पौर्णिमा म्हणाली, "संपतच नाई जी हा." मी हो म्हटलं.

शेवटच्या दिवशी हत्तींकडे निघालो. आमच्यासोबत आमच्याच सहलीतले पुलगावचे हरिदासभाऊ आणि त्यांच्या मिसेस सुलोचनाबाई. हरिदासभाऊंचं पुलगावात खताचं दुकान. बोलघेवडा माणूस, इंग्रजी बिनधास्त. त्यांनी सोबत तंबाखूचा एवढा खर्रा आणला होता की त्यांच्या बॅगेला सुपारीचा वास यायचा.

फाटकापाशी एक गाईडबाई उभ्या होत्या. त्या इंग्रजीत बोलल्या आणि पौर्णिमाने आम्हाला मराठीत सांगितलं. "हळू बोला. पळू नका. हत्ती जवळ आला तं पाठ न दाखवता मागं सरका. आन् कोणाजवळ खायाचं असन तं इथं टोपलीत ठेवा."

हरिदासभाऊंनी तोंड वाकडं करून खर्रा टोपलीत टाकला. सुलोचनाबाईंनी चिवडा ठेवला. मी काहीच ठेवलं नाही. आमच्याकडे पाहुणा दारात पाय ठेवल्या ठेवल्या पिशवी पुढे करत नाही. ते बरं दिसत नाही. आधी बसायचं, पाणी प्यायचं, विचारपूस करायची, आणि निघताना हळूच घरच्यांच्या हातात ठेवायचं, "राहू द्या, पोराबाळांसाठी." आणि दुसरं असं की माझ्याजवळ होती ती भेट होती. खायाचं नव्हतं. पुडा पँटच्या खिशात होता. (बसमध्ये मी त्याच्यावर बसलो होतो. आतलं तूप पँटला लागलं होतं, ते मला तेव्हा माहीत नव्हतं.)

झाडीतून पायवाट होती. पुढे लाकडी मचाण आणि त्याच्याखाली उतारावर तळं. आम्ही मचाणापर्यंत पोचलोच नव्हतो, तेवढ्यात झाडं हलली आणि त्या बाहेर आल्या. तीन हत्तिणी. पुढची सगळ्यात म्हातारी. कान फाटलेले, एक डोळा पांढरा. गाईडबाईंनी तिचं नाव सांगितलं, ते मला उच्चारता येत नाही. मी मनातल्या मनात तिला आजी म्हटलं. तिने आधी जंगलात लाकडं ओढली, मग समुद्रकाठी पाठीवर खुर्ची बांधून माणसं वाहिली. आता ती माणसांकडे ढुंकूनही पाहत नाही, असं बाई म्हणाल्या.

आजीने सोंड वर केली. हवेत वळवली. आणि माझ्याकडे पाहिलं.

मग ती निघाली.

बाई हळूच म्हणाल्या, मागे व्हा. आम्ही मागे झालो. आजी पुढे आली. बाईंनी आम्हाला दोन बाजूंना केलं, मी आणि हरिदासभाऊ डावीकडे, बायका उजवीकडे. आजी डावीकडे वळली. हरिदासभाऊ माझ्यापासून दूर झाले. आजी माझ्याकडे आली.

"रुपेशभाऊ," हरिदासभाऊ कुजबुजले, "तुमची काई जुनी वळख?"

"नाई जी."

"आठवा बरं. मांगल्या जन्माची?"

मी पाठ न दाखवता मागे सरकत होतो. मागे काय आहे ते दिसत नव्हतं. मागे चिखल होता. मी घोट्यापर्यंत गेलो, मग गुडघ्यापर्यंत गेलो. आजी काठावर थांबली आणि तिने सोंड माझ्यासमोर पसरली. टोक वर करून. आणि मान हलवायला लागली, एकदा इकडे, एकदा तिकडे.

सुलोचनाबाई म्हणाल्या, "अव माय, नमस्कार करून राह्यली पाह्यजा!"

गाईडबाई मात्र हसल्या नाहीत. पौर्णिमाही नाही. मला तिचा चेहरा दिसला, आणि बाई काय म्हणतात ते तिने सांगितलं. समुद्रकाठी त्या हत्तिणीला हेच शिकवलेलं होतं. मान हलवायची, सोंड पसरायची, मग केळं मिळतं. इथे येऊन ती ते विसरली होती. आणि आमच्यामुळे तिला आठवलं होतं. पौर्णिमा एवढ्या लांब जो हत्ती पाहायला आली होती, तो आता माझ्यासमोर हात पसरून भीक मागत होता.

"अहो," पौर्णिमा हळू आवाजात म्हणाली, "तुमच्या खिशात काय आहे?"

"काई नाई."

"काई नाई तं थे तुमच्याच मांगं काऊन येऊन राह्यली?"

"गोरसपाक आहे."

"बाई म्हणे खायाचं टोपलीत ठेवा, मी सांगतलं नाई तुमाले?"

"खायाचं नाई थो. भेट आहे. जाता वक्ती द्यायचा होता."

"हत्तीले?"

"हत्तीवाल्याईले."

पौर्णिमाने डोळे मिटले. मग ते इंग्रजीत गाईडबाईंना सांगितलं. भेटीचा मुद्दा तिने कसा समजावला, देव जाणे. (आमच्यात देव मानत नाहीत, पण त्या वेळी दुसरं कोणी जाणत असेल असं वाटेना.) बाईंनी नाही म्हणून मान हलवली. पुडा फेकला तर हत्तिणीला खायला दिल्यासारखं होईल, म्हणजे उद्यापासून ती प्रत्येक पाहुण्यासमोर उभी राहणार. पुडा कोणाला दिला, तरी माझी पँट तुपाची, हे मला आता कळलं. आणि आजी हलेना, तोवर बाकीच्या दोघीही तळ्याकडे जाईनात. बाई म्हणाल्या, आजचं पाहणं बंद करून सगळ्यांनाच परत न्यावं लागेल.

पौर्णिमा नुसती ओढणी बोटाला गुंडाळत राहिली. ती भांडली असती तर बरं झालं असतं.

वाटेच्या कडेला राखणदारांची एक चौकी होती. चारी बाजूंनी भिंत, आणि वाटेकडच्या दारालाच तेवढी लोखंडी जाळी. मी तिकडे बोट केलं.

"मले त्याच्यात ठेवा," मी म्हटलं.

"अन् हत्ती?" पौर्णिमा म्हणाली. "तिथून तं काईच दिसत नाई."

"मी पाह्याले नाई आलो. तू आली." हे मी खूप मोठ्याने बोललो असं मला वाटलं, पण हरिदासभाऊ म्हणाले, "आँ? काय म्हणे?"

मी चिखलातून निघून मागे सरकत सरकत चौकीत शिरलो. बाईंनी बाहेरून कडी लावली. आत झाकण असलेलं एक पत्र्याचं पिंप होतं. पुडा त्यात टाकला, पँट काढून तीही टाकली, कोपऱ्यात राखणदाराची चौकड्यांची लुंगी होती ती गुंडाळली आणि झाकणावर बसलो. आजी जाळीपाशी आली. तिने सोंडेने एकदा हुंगलं. माझ्या तोंडावर गरम श्वास आला, भिजलेल्या गवताचा. मी हललो नाही. मी तिला म्हटलं, "जा व माय. माह्याजवळ काईच नाई." ती थोडा वेळ उभी राहिली. मग मान हलवणं थांबलं. मग सोंड खाली आली. मग ती वळली आणि गेली.

पुढचं मला दिसलं नाही. मला दिसली मचाणावर उभ्या राहिलेल्या पौर्णिमाची पाठ. तिने फोटो काढले नाहीत. कठड्यावर दोन्ही हात ठेवून ती उभी होती. खालून पाण्याचा आवाज यायचा, कधी फांदी मोडल्याचा. एकदा तिचे खांदे हलले. हसली की रडली, ते पाठीवरून कळत नाही.

ती खाली आली तेव्हा डोळे लाल होते. जाळीला बोटं अडकवून उभी राहिली.

"आजी चिखलात लोळली," ती म्हणाली. "मंग माती घेतली आन् पाठीवर फेकली. आमच्याकडं एकदाही नाई पाह्यलं तिनं. एकदाही नाई."

"बरं झालं."

"तुमी काईच नाई पाह्यलं न?"

"तुझी पाठ पाह्यली."

ती हसली. तेवढं मला पुरलं. गाईडबाई म्हणाल्या, हत्तिणी पलीकडच्या रानात उतरेपर्यंत मला बाहेर काढता येणार नाही. मग पौर्णिमा आणि सुलोचनाबाई हातपाय धुवायला गेल्या, आणि माझ्या सोबतीला हरिदासभाऊ चौकीबाहेर दगडावर बसले. ते खर्र्याशिवाय सुकून गेले होते.

तेवढ्यात पाहुण्यांची दुसरी टोळी आली. गोरे लोक. त्यांचा गाईड एकेका हत्तीची हकिकत सांगत होता, कोणी लाकडं ओढली, कोणाला सर्कशीत नाचवलं. एक पिकल्या केसांची बाई मागे रेंगाळली आणि जाळीपाशी थांबली. मी पिंपावर बसलो होतो. कमरेला लुंगी, गुडघ्यापर्यंत चिखल. तिने माझ्याकडे फार मायेने पाहिलं. मी लाजून खाली पाहिलं. मग तिने हरिदासभाऊंना हळूच काहीतरी विचारलं.

"काय म्हन्ते?" मी म्हटलं.

हरिदासभाऊंचा चेहरा एकदम गंभीर होता. "इचारते, याले इथं आणाच्या आंधी हा कुठं काम करत होता?"

मला खोटं बोलता येत नाही. "सिंदीले," मी म्हटलं. "कृषी केंद्रात. लहानपणापासून."

हरिदासभाऊंनी ते इंग्रजीत सांगितलं. गोऱ्या बाईंनी छातीवर हात ठेवला आणि पुन्हा काही विचारलं.

"म्हन्ते, आता वापस तं नाई न पाठवणार याले?"

"सोमवारी दुकान उघडायचं आहे," मी म्हटलं.

हरिदासभाऊंनी तेही सांगितलं. गोऱ्या बाईंनी डोळ्याला रुमाल लावला, आणि आपल्या गाईडला बोलावून माझ्यासाठी काही करता येईल का, ते विचारायला लागल्या.