सिद्रामप्पांचा ब्रेक

सिद्रामप्पा माणसाला आधी हुंगायचे आणि मग ओळख द्यायचे. म्हणजे त्याचे हात हुंगायचे. होटगी रस्त्याला त्यांची पत्र्याची शेड होती. तिच्या दारात उभं राहून दोन्ही पंजे पुढे करायचे, आप्पा नाक लावणार, आणि रॉकेलचा नाहीतर कसल्याही तेलाचा वास आला की नळाकडे बोट दाखवणार. शेंगाचटणी-भाकरी खाऊन आलेल्याचीही सुटका नव्हती. एका फौजदाराला त्यांनी तीनदा साबण लावायला लावला होता. त्यानेही निमूट लावला, कारण जीप त्याची होती आणि ब्रेक आप्पांच्या ताब्यात होते.

"तेल लागलं की रबर रुसतंय," आप्पा सांगायचे. "फुगून बसतंय. मग कितीबी समजूत घाला."

ते फक्त ब्रेकचं काम करायचे. इंजिन, गिअर, बॅटरी यांच्याशी त्यांना काही देणंघेणं नव्हतं. गाडी चालूच होत नाही म्हणून कुणी आलं तर म्हणायचे, मग चांगलंच हाय की, थांबवायची कटकट मिटली. पण सिद्रामप्पांनी हात लावलाय म्हटल्यावर सोलापुरातला ड्रायव्हर निर्धास्त व्हायचा. बायको लवकर गेलेली, मूलबाळ नाही. जवळ होतं ते एवढं नाव.

आमचा चादरींचा व्यापार. बहात्तरच्या दुष्काळानंतरची दोनतीन वर्षं असतील. अण्णांकडे, म्हणजे माझ्या वडिलांकडे, लढाईच्या वेळची एक बसक्या नाकाची पिकअप होती. तिच्या ब्रेकच्या मास्टर सिलिंडरच्या टोकाला सुपारीएवढा एक व्हॉल्व्ह होता. तो खोलून साफ करायला दर सहा महिन्यांनी गाडी आप्पांकडे न्यायची आणि दिवसभर तिथे बसायचं, हे काम माझ्या गळ्यात. मी तेव्हा सव्वीस वर्षांचा घोडा, आणि स्वतःला भलताच हुशार समजायचो.

आप्पा व्हॉल्व्हचे सुटे भाग ब्रेक ऑइलने (ते नावालाच तेल, रबराला तेवढंच चालतं) धुऊन स्टीलच्या ताटात मांडायचे आणि नैवेद्य झाकावा तसं वर पांढरं फडकं टाकायचे. मग व्हॉल्व्ह जुळवून, ओठांना लावून फुंकत बसायचे. एका बाजूने फुंकर गेली पाहिजे, दुसऱ्या बाजूने अडली पाहिजे. डोळे मिटून अर्धा अर्धा तास हेच. शेवटी नळीतली हवा काढायची असे, तेव्हा पेडलवर पाय द्यायला माणूस लागायचा. पत्ता विचारायला आलेल्या एका विमा एजंटाला त्यांनी असंच बसवलं. दाब, धर, सोड करता करता बिचाऱ्याची दुपार गेली. आप्पांनी मग त्याला आग्रहाने जेवू घातलं. मला वाटतं, माणूस बसवून घ्यायला त्यांना ब्रेक हे निमित्तच मिळायचं.

त्या दिवशी अण्णांना घाई होती. चादरींचे गठ्ठे होटगी स्टेशनवर पोचवायचे होते. आप्पांनी व्हॉल्व्ह धुतला, जुळवला, फुंकून पाहिला, ताटात झाकून ठेवला आणि दुपारच्या पूजेला घरी गेले. जाताना मला म्हणाले, ए बसू, हात लावू नको. मी लावला. आपणही फुंकून बघावं म्हटलं. व्हॉल्व्ह हातातून निसटला तो थेट खालच्या ग्रीसमध्ये. ब्रेक ऑइल कपाटात, कपाटाची किल्ली आप्पांच्या कमरेला. शेजारच्या सायकलवाल्याकडे रॉकेलचा डबा होता. मी व्हॉल्व्ह त्यात बुडवला, पुसला आणि परत फडक्याखाली ठेवला. हात मात्र चारदा साबणाने धुतले. काय ती अक्कल.

आप्पा परत आले तेव्हा अण्णा दारात घड्याळ बघत उभे होते. मी सवयीने पंजे पुढे केले. आप्पा हसले.

"घरच्या मानसाचं हात कशाला हुंगू?" म्हणाले, आणि व्हॉल्व्ह बसवायला घेतला.

तेव्हाच बोलायला हवं होतं. अण्णांसमोर शोभा नको, नंतर सांगू, असं म्हणत मी गप्प राहिलो. चार दिवस गाडी झकास थांबत होती, म्हणून चार दिवस गप्प राहिलो.

पाचव्या दिवशी अण्णा एकटेच होटगीला निघाले. वाटेत चाकं ब्रेकमध्ये आवळून राहिली, तापून धूर निघाला, नळीतलं ऑइल उकळलं, आणि समोर बैलगाडी आली तेव्हा पेडल सपशेल खाली गेलं. अण्णांनी पिकअप रस्त्याकडेच्या चारीत घातली. बैलगाडीवाला वाचला. अण्णांच्या कपाळाला पाच टाके पडले.

गाडी ओढत शेडमध्ये आणली. दहाबारा ड्रायव्हर जमले. आप्पांनी व्हॉल्व्ह खोलला. आतलं रबर पुरीसारखं फुगलं होतं, ऑइलची परतीची वाट त्यानेच अडवली होती. त्यांनी ते नाकाशी नेलं आणि माझ्याकडे पाहिलं.

"ह्याला हात कुणाचा लागला?" अण्णांनी विचारलं.

"माजाच," आप्पा म्हणाले. "वय झालं, अण्णा."

अण्णा तोंडाला येईल ते बोलले. आप्पा मान खाली घालून ऐकत होते, आणि मी, ज्याने ते ऐकायला हवं होतं, तो अण्णांच्या दंडाला धरून उभा होतो. गावभर व्हायला दोन दिवस पुरले. गाड्या यायच्या थांबल्या. दिवाळीच्या आत शेड बंद झाली.

मी भेटायला गेलो तेव्हा आप्पा एका पिठाच्या गिरणीवर कामाला होते. भुवयांपर्यंत पांढरे. मी सगळं सांगितलं, रडलोही. म्हटलं, आज अण्णांना सांगतो, चारचौघांत सांगतो. आप्पांनी कुणाचीतरी ज्वारी चाळता चाळता मान हलवली.

"होगली बिडू," कानडीत म्हणाले. जाऊ दे, सोड. "अण्णाला मेकॅनिक दुसरा मिळंल. भरवशाचा ल्योक दुसरा कुटनं आणतील?"

मग त्यांनी मला बाकावर बसवलं, चहा मागवला आणि आईच्या गुडघ्यांची चौकशी केली.

मी अण्णांना सांगितलं नाही. अण्णा अकरा वर्षं त्या गिरणीवरून जाताना तोंड फिरवत राहिले, आणि तसेच गेले. त्यानंतर दोन वर्षांनी आप्पा गेले. आता हे सांगितलं की लोक म्हणतात, म्हाताऱ्याचीच इच्छा होती ना, मग तू तरी काय करणार? खरं सांगू? आप्पांनी मला जन्मात शंभर गोष्टी सांगितल्या असतील. त्यातली मी ही एकच पाळली, आणि तीही माझ्या सोयीची होती म्हणून.