डायनिंग टेबलावरचं वॉटर्लू

लढाई करायची तर चिखलासकट करायची, असं मिलिमीटरने ठरवलं आणि पुढे जे काही झालं ते त्या चिखलामुळेच झालं.

मिलिमीटर हे काही त्याचं खरं नाव नव्हे. वजनमापे खात्यात दुकानदारांचे काटे तपासायची नोकरी, म्हणून ऑफिसने ठेवलेलं. भिंतीवरचं कॅलेंडर जरा तिरकं दिसलं तरी याच्या घशाखाली घास उतरत नसे. असल्या माणसाने नेपोलियनच्या लढायांच्या खेळाला हातच लावू नये. पण याला नेमका तोच नाद. कॉम्प्युटरवरचे तसले सगळे खेळ त्याने एकेक करून टाकून दिले होते. हरला म्हणून नव्हे (हरायचा, पण ते कारण नव्हे), तर सैनिकांच्या कोटांची बटणं चुकीची होती म्हणून.

मग त्याला एका क्लबाचा पत्ता लागला. तिथे टेबलावर डोंगरदऱ्या मांडून, शिशाचे सैनिक आणि फासे घेऊन मोठमोठी माणसं लढत. जागा एकच रिकामी होती. अध्यक्ष, म्हणजे इतिहासाचे निवृत्त प्राध्यापक, उमेदवाराच्या घरी येऊन त्याची लढाई स्वतः बघत. मागच्या उमेदवाराला म्हणे त्यांनी घोड्याच्या शेपटीच्या लांबीवरून घरी बसवलं होतं. हे ऐकल्यापासून मिलिमीटरला त्या क्लबाशिवाय दुसरं काही सुचेना.

वॉटर्लूच्या आदल्या रात्री धो धो पाऊस पडला होता. म्हणून त्याने गॅलरीतल्या कुंड्या डायनिंग टेबलावर रिकाम्या केल्या, मातीची टेकडी थापली आणि झारीने तिच्यावर पाऊस पाडला. आपण नेपोलियन, मेहुणा इंग्रजांचा सेनापती वेलिंग्टन; चाली ठरलेल्या, नेपोलियनच्या चुकाही ठरलेल्या, आणि शेवटी हरायचं हेही ठरलेलं. इतिहास म्हणजे इतिहास.

अध्यक्ष पांढरीशुभ्र पँट घालून दारात उभे राहिले आणि त्याच वेळी मेहुण्याचा फोन आला, की त्याचा पाय मुरगळलाय. आता वेलिंग्टन कुठून आणायचा? घरात फक्त बायको होती. ती हॉस्पिटलात वॉर्डची सिस्टर. ड्युटीवरून नुकतीच आलेली, टेबलाकडे बघून काय बोलावं या विचारात. पण पाहुणे आलेले, म्हणून ती चहाचा कप घेऊन समोर बसली आणि आपलं सगळं सैन्य तिने टेकडीमागे ओळीने आडवं केलं.

"अगं, ते ब्रिटिश सैन्य आहे, तुझा वॉर्ड नाही," मिलिमीटर कुजबुजला.

"रात्रभर पावसात भिजलेत ना? पडू देत जरा."

टेबलाशी बसलेल्या अध्यक्षांनी चष्मा कपाळावर चढवला. वेलिंग्टननेही आपली माणसं टेकडीमागे अशीच निजवून ठेवली होती, असं ते पुटपुटले आणि 'वहिनीं'कडे जरा आदराने बघू लागले. तो आदर मिलिमीटरला झोंबला. नेपोलियनचा अभ्यास याने करायचा आणि कौतुक चहा पिणाऱ्या बाईचं? त्याच्या कानशिलांत रक्त चढलं. इतिहास गेला खड्ड्यात, आता जिंकायचंच, असं त्याने मनाशी पक्कं केलं.

त्याने सगळे घोडेस्वार एकदम टेकडीवर सोडले. बायकोने आपल्या माणसांचे चौकोन केले, पाठीला पाठ लावून. घोळक्यात भीती कमी वाटते असं तिचं म्हणणं. घोडेस्वार चौकोनांभोवती चिखलात गरागरा फिरत राहिले. मिलिमीटरने फाशांवर फुंकर मारली, त्यांना मुठीत खुळखुळवलं, एकदा तर हळूच शिवीही दिली. फासे ढिम्म. मग प्रशियन सैन्य वेलिंग्टनच्या मदतीला कधी येणार याचा फासा बायकोने बशीतच टाकला. ते ताबडतोब आलं.

मिलिमीटरला घाम फुटला. राखून ठेवलेली जुनी गार्ड, त्याची लाडकी पलटण, एकेका मिशीला रंग देऊन सजवलेली, त्याने शेवटी चढावावर काढली. ती माथ्यावर पोचते न पोचते तोच बायकोने आडवे पडलेले सगळे उभे केले.

"उठा, डॉक्टरांचा राउंड आला," ती म्हणाली.

गार्ड मागे फिरली. तिला अडवायला मिलिमीटर दोन्ही कोपरं टेकून टेबलावर झुकला, आणि ओल्या मातीच्या ओझ्याने आधीच वाकलेली टेबलाची घडीची फळी कडाडून खाली आली. टेकडी, तोफा, घोडे आणि सबंध फ्रेंच सैन्य घसरत अध्यक्षांच्या मांडीवर जाऊन पडलं.

संपलं, मिलिमीटरला वाटलं. आता क्लब कसला, धुलाईचा खर्च द्यावा लागणार.

अध्यक्ष उठले. पँटवरून चिखल ओघळत होता आणि डोळे पाणावले होते. त्यांनी मिलिमीटरचे दोन्ही हात धरले.

"नेपोलियन झालेला प्रत्येक जण ऐन वेळी जिंकायच्या मोहात पडतो हो. सगळा इतिहास बिघडवतो. तुम्ही एकही चूक सोडली नाहीत. घोडेस्वार एकटे पाठवलेत, गार्ड उशिरा काढलीत. वर त्या फाशांवरचा राग, तो घाम. काय अभिनय केलात."

मिलिमीटरने तोंड उघडलं. मी मनापासून जिंकायला बघत होतो, हे खरं सांगावं तर सभासदत्व गेलं. न सांगावं तर... त्याने तोंड मिटलं.

अध्यक्षांनी तिथल्या तिथे त्याला कायमचा सभासद करून टाकलं. क्लबात हरायला कोणी तयारच नसल्यामुळे कितीतरी लढाया अडून पडल्या होत्या. पुढच्या रविवारी रशियाची मोहीम, नेपोलियन मिलिमीटरच. त्यानंतर लाइपझिगची हार, तिथेही तोच. जिंकलेल्या लढायांसाठी मात्र माणसं आहेत त्यांच्याकडे, त्याची काळजी नको.

"वहिनी, इतकं ठरवून हरायला फार मोठं मन लागतं," निघताना ते म्हणाले.

बायकोने नवऱ्याकडे पाहिलं. नवऱ्याने डोळ्यांनीच हात जोडले.

"हो ना," ती म्हणाली. "माझ्या बालवाडीतल्या भाचीबरोबर सापशिडी खेळतानासुद्धा ते अगदी असंच मन मोठं करतात. नंतर मग तिच्याशी दोन दिवस बोलत नाहीत."